यंत्रात भूत शिरतं कुठून : लंडन, कॉव्हेंट्री, केंब्रिज

लंडन, कॉव्हेंट्री आणि केंब्रिज या तीन शहरांत मिळून गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत भूत दाखवायची, ऐकवायची आणि मोजायची बहुतेक सगळी यंत्रं वापरून झाली आहेत. गेल्या चार दशकांत त्याच यंत्रांवर इथल्या कलाकारांनी काम केलं. भूत आहे की नाही यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. या कलाकारांनी मात्र यंत्रच समोर मांडून ठेवलं: ही काच, ही फीत, हा पडदा, हा स्पीकर, आणि यातल्या कुठल्या कडीपाशी आपल्याला चेहरा दिसायला किंवा आवाज ऐकू यायला लागतो ते बघा. आमच्या फिरण्याचा क्रमही तसाच आखलेला होता.

तयारी दोन गोष्टींची लागते. लंडन विद्यापीठाचं सिनेट हाउस ग्रंथालय आणि केंब्रिज विद्यापीठ ग्रंथालय, दोन्हीकडे जुनी कागदपत्रं बघायची तर आधी मेल करून विषय कळवावा, हवे असलेले क्रमांक त्यांच्या ऑनलाइन यादीतून काढून मागवून ठेवावेत. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा जवळ हवा. वाचनकक्षात फक्त पेन्सिल चालते. बाकी सामानात कान पूर्ण झाकणारा हेडफोन, मोजपट्टी, आणि डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात मुद्रण करणारे दोन छोटे रेकॉर्डर. दोन का, ते केंब्रिजला येईल.

पहिला दिवस : ब्लूम्सबरी

रसेल स्क्वेअर ट्यूब स्टेशनवरून सिनेट हाउस चालत पाच-सात मिनिटांवर आहे. हॅरी प्राइस या भूतसंशोधकाने आयुष्यभर जमवलेला जादू, हातचलाखी आणि परामानस विषयांचा ग्रंथसंग्रह इथे आहे. १९४८ साली प्राइस गेला. त्याने आपल्या तपासाच्या पेटीत काय काय असायचं त्याची यादी छापून ठेवली आहे आणि ती आज वाचताना एखाद्या इन्स्टॉलेशनचं (मांडणशिल्पाचं) साहित्य वाचतोय असं वाटतं: पावलांचा आवाज होऊ नये म्हणून नमद्याचे जोडे, भिंतींची जाडी तपासायला पोलादी मोजपट्टी, दारं-खिडक्या बंद करायला शिशाची सीलं आणि चिकटपट्टी, इलेक्ट्रिक घंट्या आणि कोरडे सेल, ९ बाय १२ सेंटिमीटरचा रिफ्लेक्स कॅमेरा, दुरून चालवता येणारा सिनेकॅमेरा, तापमानाची रेघ काढणारा थर्मोग्राफ, बोटांचे ठसे उमटवायला ग्रॅफाइटची पूड आणि मऊ ब्रश. सोबत जखमेसाठी आयोडीन आणि ब्रँडीची बाटली.

या यादीत आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते ती पाऱ्याची वाटी. जमिनीत जरा कंप आला की पाऱ्याच्या पृष्ठभागावर तरंग उठतात, ते डोळ्यांना दिसतात. त्याच पाऱ्यात दोन तारा सोडल्या तर आवाज न करणारा स्विचही तयार होतो. एकच वाटी मोजायलाही उपयोगी आणि फसवायलाही. (पाऱ्याची वाफ विषारी असते. हा प्रयोग घरी करायचा असेल तर पाण्यात शाईचा थेंब टाकून ती वाटी वापरावी आणि वरून दिव्याचं प्रतिबिंब पाडावं. तरंग छान दिसतो.)

प्राइसची विल्यम होप प्रकरणातली चाल तर पाठ करून ठेवावी अशी. होप हा क्रू गावचा माणूस. तो काचेच्या प्लेटवर गिऱ्हाइकाचा फोटो काढी आणि धुतल्यावर त्यात मृत आप्ताचा धूसर चेहरा उमटलेला असे. फेब्रुवारी १९२२ मध्ये प्राइस गिऱ्हाईक म्हणून गेला तो स्वतःच्या प्लेटी घेऊन. त्या प्लेटींवर उत्पादक कंपनीची सिंहाची खूण आधीच क्ष-किरणांनी उमटवलेली होती. ही खूण प्लेट धुतल्याशिवाय दिसत नाही आणि धुतली की पुसता येत नाही. धुऊन आलेल्या प्लेटवर जादा चेहरा होता, सिंह नव्हता. म्हणजे अंधाऱ्या खोलीत प्लेट-होल्डर बदलला गेला होता. होपच्या फोटोंचा एक अल्बम आज ब्रॅडफर्डच्या सायन्स अँड मीडिया म्युझियमच्या संग्रहात आहे. त्यातला जादा चेहरा पाहताना बाजूच्या आकृतीवरचा प्रकाश कुठल्या बाजूने आहे आणि चेहऱ्यावरचा कुठल्या, एवढं तपासलं तरी पुष्कळ उलगडतं. कापसाच्या ढगासारखी कड असेल तर दुहेरी छपाईची शंका घ्यावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. होपकडे येणाऱ्यांत पहिल्या महायुद्धात मुलं गमावलेले आईबाप होते. चेहरा इतका धूसर असायचा की त्यात आपला मुलगा ओळखायचं निम्मं काम ते स्वतः करायचे.

दुसरा दिवस : रीजंट स्ट्रीट ते सोहो

हा दिवस सगळा पायी. ऑक्सफर्ड सर्कसला उतरून वर चालत गेलं की ३०९, रीजंट स्ट्रीट. आज ती वेस्टमिन्स्टर विद्यापीठाची इमारत आहे आणि आत एक चित्रपटगृह चालतं. १८६२च्या नाताळात, तेव्हाच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये, जॉन हेन्री पेपरने रंगमंचावर भूत उभं केलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची. तिला कुठल्याही नाट्यगृहात बसेल असं रूप पेपरने दिलं.

टेबलावर हे करून पाहणं सोपं आहे, पण बिघडतंही तितक्याच सहज. साधारण दोन मिलिमीटर जाडीची स्वच्छ काच किंवा अॅक्रिलिकची शीट प्रेक्षकाच्या नजरेशी ४५ अंशांत उभी करायची. काचेच्या मागे 'खरा' रंगमंच, बाजूला प्रेक्षकाला न दिसणाऱ्या काळ्या खोक्यात 'भूत'. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग या कोनात साधारण चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो, दोन्ही मिळून दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून भुतावरचा उजेड रंगमंचावरच्या उजेडाच्या निदान दहापट ठेवावा लागतो. खोकं मॅट काळं हवं, साधा काळा रंग चकाकतो आणि मग खोक्याच्या कडाही काचेत दिसतात. काच जाड असली तर पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाची दोन प्रतिबिंबं वेगळी होतात आणि भुताला दोन नाकं येतात. भूत काचेपासून जेवढं लांब, तेवढंच ते काचेच्या मागे उभं दिसतं. त्यामुळे मागच्या नटाच्या जागेचं माप काचेपासून घ्यायचं. आज 'होलोग्राम' म्हणून सभांमधून दाखवतात ते बहुतेक हेच, काचेऐवजी ताणलेला पातळ पारदर्शक पडदा आणि खोक्याऐवजी प्रोजेक्टर.

तिथून सोहोमध्ये २२, फ्रिथ स्ट्रीट. २६ जानेवारी १९२६ रोजी जॉन लॉगी बेअर्डने वरच्या मजल्यावर टेलिव्हिजनचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक दिलं. भिंतीवर निळी पाटी आहे. त्याआधी चाचण्यांसाठी त्याने माणसाऐवजी बोलक्या बाहुल्याचं डोकं वापरलं, कारण दिव्यांची धग माणसाला सोसवत नव्हती. चित्र तीसेक ओळींचं. तेवढ्या ओळींत चेहरा 'दिसतो' तो बघणाऱ्याने भर घातल्यामुळे.

दोन मिनिटांवर सोहो स्क्वेअर. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकन कलाकार टोनी आउर्सलरने इथे 'द इन्फ्लुअन्स मशीन' मांडलं: रात्रीच्या वेळी झाडांवर, इमारतींच्या भिंतींवर आणि धुराच्या लोटांवर बोलणारे चेहरे. मजकुरात बेअर्ड, मृतांचे संदेश म्हणून गाजलेले १८४८च्या फॉक्स बहिणींचे टकटक आवाज, पॅरिसमध्ये धुरावर प्रतिमा पाडणारा रॉबर्टसन असे सगळे येत. आउर्सलरचे आजोबा फुल्टन आउर्सलर हे लेखक आणि मृतांशी बोलतो असं सांगणाऱ्या 'माध्यमां'ची लबाडी उघड करणारे, जादूगार हुदिनीचे स्नेही. घरातूनच हा वारसा आला आणि नातवाने भूतफोटो, सेआन्सची (मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकींची) कागदपत्रं यांचा हजारोंच्या घरात जाणारा संग्रह उभा केला.

चौकात उभं राहिलं की जागेची निवड किती नेमकी होती ते कळतं, आणि तांत्रिक अडचणीही दिसतात. धुरावरचा चेहरा प्रोजेक्टरच्या समोरून नीट दिसतो, बाजूने मंद होतो, कारण ग्लायकॉल-पाण्याच्या धुराचे कण बराचसा प्रकाश पुढच्याच दिशेला विखुरतात. म्हणून प्रेक्षकाची वाट प्रोजेक्टरच्या समोर, धुराच्या पलीकडून काढायची आणि भिंग मात्र नजरेच्या रेषेच्या थोडं वर ठेवायचं, नाहीतर डोळे दिपतात. वारा जरा वाढला की धूर फाटतो. चेहरा एकाच जागी ठेवायचा असेल तर धुराचं यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावावं आणि धूर झोताच्या आधी थोडा थंड होऊ द्यावा, गरम धूर सरळ वर निघून जातो. झाडावर पाडायच्या चेहऱ्याचं अंतर खोडाला नव्हे, पानांच्या दाटीला धरून साधायचं. पानं हलली की ओठ हलल्यासारखे वाटतात आणि ध्वनीचा मेळ थोडा चुकला तरी चालून जातं.

तिसरा दिवस : थेम्सचा दक्षिण काठ

सुझन हिलर (१९४०–२०१९) यांचं 'बेलशाझर्स फीस्ट, द रायटिंग ऑन युअर वॉल' (१९८३–८४) टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ते नेहमी मांडलेलं नसतं, निघण्याआधी संकेतस्थळावर 'सध्या प्रदर्शनात' अशी नोंद आहे का ते बघावं. मांडणी दिवाणखान्याची, मधोमध टीव्ही, त्यावर ज्वाळा. आवाजात हिलर यांचं शब्दहीन गाणं, त्यांच्या लहान मुलाने आठवून सांगितलेली बायबलमधली भिंतीवरच्या अक्षरांची गोष्ट, आणि कुजबुजत वाचलेल्या वर्तमानपत्री बातम्या: प्रक्षेपण संपल्यावर टीव्हीच्या रिकाम्या पडद्यावर चेहरे दिसल्याचं सांगणाऱ्या लोकांच्या. हिलर मानववंशशास्त्र शिकलेल्या होत्या. या लोकांना त्या वेडं ठरवत नाहीत आणि पाठीशीही घालत नाहीत. लोकांनी पाहिलं आणि सांगितलं, ही गोष्ट त्या समाजातली वस्तुस्थिती म्हणून मांडतात. या सगळ्या मार्गावर आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती हीच दृष्टी.

त्या चेहऱ्यांचं यांत्रिक कारण दूरदर्शनच्या काळात वाढलेल्यांना चटकन कळेल. कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या. टीव्हीतलं स्वयंचलित गेन मंडळ सिग्नल कमजोर झाला की आपोआप आवर्धन वाढवत जातं. सिग्नल पूर्ण गेला तर ते टोकाला जाऊन हवेतला, अँटेनातला आणि स्वतःच्या ट्रान्झिस्टरमधला गोंगाटच चित्र म्हणून दाखवतं. त्यात दूरच्या एखाद्या केंद्राचा पुसट सिग्नल रात्री वातावरणाच्या थरांमुळे पोचला तर मुंग्यांच्या मागे खरोखरच एखादा चेहरा तरळतो. लंडनमधलं अॅनालॉग प्रक्षेपण २०१२ साली बंद झालं. आजचा डिजिटल संच ठरावीक पातळीखाली चित्र देतच नाही, निळा पडदा आणि 'सिग्नल नाही' एवढंच. भूत शिरायची ती फट बुजली.

म्हणून अशा कलाकृती सपाट पडद्यावर दाखवल्या की काहीतरी निसटतं. पिक्चर ट्यूबचा संच चालवायचाच असेल तर रंग स्थिरावायला वीस-तीस मिनिटं आधी सुरू करून ठेवावा. चुंबक न झाकलेला स्पीकर शेजारी ठेवू नये, कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडतात. मागचं झाकण तर उघडूच नये. ट्यूब बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहतो, ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

टेट मॉडर्नपासून नदीकाठाने पश्चिमेला वीस-पंचवीस मिनिटं चाललं की साउथबँक सेंटर. तिथल्या पर्सेल रूममध्ये ३१ मे २००३ रोजी एकाच दिवशी दोन मैफली झाल्या. संगीतकार सारा अँग्लिस, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांचे सहकारी. सात मीटर लांबीचा प्लास्टिकचा सांडपाण्याचा पाइप, त्याच्या एका टोकापासून दोन-तृतीयांश अंतरावर लांब झेप घेणारा सबवूफर (खालचे स्वर वाजवणारा स्पीकर), आणि त्यातून १७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १७ कंपांचा स्वर, ऐकू येण्याच्या सीमेवर. दोन्ही मैफलींत त्याच चार रचना. पहिल्या मैफलीत ज्या दोन रचनांत हा स्वर मिसळला होता, त्या दुसऱ्या मैफलीत त्याविना वाजल्या आणि उरलेल्या दोहोंत तो घातला गेला. अशी अदलाबदल केली नाही तर अंगावर काटा संगीताने आला की पाइपने, हे सांगता येत नाही. स्वर असताना विचित्र अनुभव सांगण्याचं प्रमाण सरासरी २२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

याच्या शेजारी ठेवायचा प्रयोग म्हणजे 'हॉन्ट'. वास्तुरचनाकार-कलाकार उस्मान हक आणि गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले मानसशास्त्रज्ञ क्रिस फ्रेंच यांनी 'झपाटलेली' खोली बांधायचा प्रयत्न केला: लंडनमधल्या एका घरात उभारलेली पांढरी, गोल, रिकामी, अंधुक खोली. बाहेर लपवलेल्या यंत्रणेतून १८.९ आणि २२.३ हर्ट्झचा अवश्राव्य ध्वनी (इन्फ्रासाउंड, कानाच्या आवाक्याखालचा) आणि बदलतं विद्युतचुंबकीय क्षेत्र. ७९ जणांनी प्रत्येकी ५० मिनिटं आत काढली आणि कुठे, केव्हा, काय वाटलं ते खोलीच्या नकाशावर टिपलं. कुणाच्या वेळी ध्वनी, कुणाच्या वेळी क्षेत्र, कुणाच्या वेळी दोन्ही, कुणाच्या वेळी काहीच नाही. अनुभव भरपूर आले, पण यंत्रं चालू असण्या-नसण्याशी त्यांचा संबंध लागला नाही. आत वेगळं काही जाणवू शकतं, हे सगळ्यांना आधी सांगितलेलं होतं. सर्वांत साधं स्पष्टीकरण तेच. निबंध २००९ साली 'कॉर्टेक्स'मध्ये आला. खोली आता नाही, पण पांढऱ्या रिकाम्या खोलीला सूचना पुरते, हे तिने दाखवून दिलं आणि इन्स्टॉलेशन करणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावं: दारावरची पाटी हाही यंत्राचाच भाग आहे.

चौथा दिवस : कॉव्हेंट्री

यूस्टनहून गाडी साधारण तासाभरात पोचवते. इथल्या परिसरातल्या वैद्यकीय उपकरणांच्या एका प्रयोगशाळेत व्हिक टँडी हा इंजिनिअर काम करायचा. रात्री एकटा असताना त्याला गारवा, अस्वस्थपणा आणि नजरेच्या कडेला राखाडी आकृती जाणवली. वळून पाहिलं की नाहीशी. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शिकंजात (व्हाइसमध्ये) धरलं आणि त्याचं मोकळं टोक आपोआप थरथरायला लागलं. शिकंजा जमिनीवरून सरकवत नेला तर खोलीच्या मध्यावर थरथर सर्वाधिक, भिंतीपाशी बंद. खोलीत स्थिर लहर उभी होती. उगम: नव्याने बसवलेला एक्झॉस्ट पंखा. त्याची बसवण बदलल्यावर थरथर थांबली. १९९८ साली टोनी लॉरेन्ससह लिहिलेल्या निबंधात त्याचं गणित आहे: खोली ३० फूट, म्हणजे पूर्ण लहर ६० फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला ११३९ फूट, भागाकार १८.९८ हर्ट्झ. पुढे त्याने कॅथेड्रलजवळच्या तेव्हाच्या पर्यटन माहिती केंद्राखालच्या चौदाव्या शतकातल्या तळघरातही मोजणी केली आणि १९ हर्ट्झच्या आसपासचाच स्वर सापडला.

बेली लेन, सेंट मेरीज गिल्डहॉल आणि १९४० च्या बॉम्बहल्ल्यातून उरलेल्या जुन्या कॅथेड्रलच्या भिंती, हा सगळा भाग अर्ध्या दिवसात होतो. मोजपट्टी इथे काढावी. ३४३ (ध्वनीचा वेग, सेकंदाला मीटर) भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट (मीटरमध्ये), हा हिशेब आपल्याकडच्या जुन्या वाड्यांनाही लागू. पाच मीटरची खोली ३४ हर्ट्झ देते, ते ऐकू येतं. १९ साठी नऊ मीटरची लांबी लागते, म्हणजे माजघर नव्हे, लांबलचक ओसरी, तीही दोन्ही टोकांना बंद असली तर.

ज्यांना हे कलाकृतीत वापरायचंय त्यांची हमखास फसगत दोन जागी होते. बाजारातल्या सबवूफरला १९ हर्ट्झ दिला की पडदा जोरात हलतो, पण कानाला ऐकू येते ती ३८ आणि ५७ हर्ट्झची विकृती. मग 'मला इन्फ्रासाउंड ऐकू आला' असं प्रेक्षक सांगतो. दुसरं, खिडकीची तावदानं आणि फडताळातली भांडी खडखडतात. आधी रिकाम्या खोलीत स्वर हळूहळू १५ पासून ४० हर्ट्झपर्यंत चढवत न्यावा, जे खडखडेल त्याला रबराची पट्टी लावावी. मोजायला मोबाइलचा मायक्रोफोन भरवशाचा नाही, अनेक फोन वाऱ्याची घरघर टाळायला खालच्या कंपनसंख्या गाळून टाकतात. डोळ्याचा गोल १८ हर्ट्झच्या आसपास कंप पावतो म्हणून आकृती दिसते, हा टँडीचा तर्क सर्वत्र उद्धृत होतो. तो तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

पाचवा दिवस : केंब्रिज

लंडनला परतून किंग्ज क्रॉसहून केंब्रिज पाऊण ते एक तास. १८८२ साली स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चची कागदपत्रं विद्यापीठ ग्रंथालयात आहेत. आमचा विषय फितीवरचे आवाज. स्वीडिश चित्रकार फ्रीडरिश युर्गेनसन १९५९ साली पक्ष्यांचे आवाज टिपत होता, त्यात त्याला माणसाचा आवाज ऐकू आला. पुढे लॅटव्हियन मानसशास्त्रज्ञ कोन्स्टांटिन राउडिव्हेने असे हजारो तुकडे गोळा केले. १९७०च्या सुरुवातीला ट्रिनिटी कॉलेजच्या, परामानस संशोधनासाठीच्या पेरट-वॉरिक अभ्यासवृत्तीवर डी. जे. एलिस यांनी ते तपासले: वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे ऐकवले की एकाच तुकड्यात ते वेगवेगळे शब्द ऐकतात. बहुतेक आवाजांसाठी असाधारण कारण शोधायची गरज उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. युर्गेनसनच्या फिती पुढे स्वीडिश कलाकार कार्ल मिखाएल फॉन हाउसवोल्फ यांनी कलादालनांत आणल्या, ऐकण्याची वस्तू म्हणून.

लंडनच्या जो बँक्स यांनी, 'डिसइन्फर्मेशन' या नावाने काम करताना, 'रोरशाख ऑडिओ' (रोरशाख म्हणजे शाईच्या डागात काय दिसतं ते विचारणारी चाचणी) हा प्रकल्प याच प्रश्नावर उभारला. त्यांनी लक्ष वेधलं ते कलेतिहासकार गॉम्ब्रिख यांच्याकडे. ते दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या श्रवणकेंद्रात जर्मन प्रक्षेपणं ऐकून उतरवून घेत. खरखरीत काय बोलताहेत हे कळायला आधी काय बोलू शकतील याचा अंदाज लागतो, हा त्यांचा अनुभव पुढे चित्र कसं दिसतं यावरच्या त्यांच्या विचारापर्यंत गेला.

यंत्रात आवाज शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत. राउडिव्हेच्या पद्धतीतला जर्मेनियम डायोड आणि काही सेंटिमीटरची तार म्हणजे ट्यूनिंग नसलेला रेडिओ, जवळचं कुठलंही मध्यमलहरी केंद्र त्यात घुसतं. फितीवर एका थराचं मुद्रण शेजारच्या थरावर उमटतं, त्यामुळे बोलण्याच्या सेकंदभर आधी तेच बोलणं पुसट ऐकू येतं. पातळ, लांब चालणाऱ्या फितीत हे जास्त. फीत शेवटचं टोक बाहेर ठेवून गुंडाळली तर हा प्रतिध्वनी बोलण्यानंतर येतो आणि झाकला जातो. डिजिटल रेकॉर्डरवर स्वयंचलित गेन चालू असला तर शांततेत तो मुंग्यांसारखाच गोंगाट वर खेचतो. फोनमधलं आवाज-शुद्धीकरण तर बोलण्यासारखं जे असेल ते ठेवून बाकी कापतं, म्हणजे गोंगाटातून बोलणं कोरून काढायचंच काम ते करतं. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये पाण्यातल्या कुजबुजीसारखे तुकडे तयार होतात.

म्हणून मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, गेन हाताने लावलेला. दोन रेकॉर्डर चार-पाच मीटर अंतरावर, सुरुवातीला एक टाळी, म्हणजे नंतर दोन्ही जुळवता येतात. खोलीतला आवाज दोन्हींत सापडतो, एकातच सापडला तर तो बहुधा त्या यंत्राचा. शिंक, खुर्चीची करकर, बाहेरची मोटार, सगळं त्याच क्षणी मोठ्याने बोलून नोंदवावं. तुकडा कापताना पुढेमागे तीन-तीन सेकंद ठेवावेत. ऐकवताना काय ऐकू येतं ते आधी सांगू नये, पर्यायही देऊ नयेत, प्रत्येकाला वेगळं बसवून कागदावर लिहून घ्यावं. भानामतीच्या तक्रारीत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात, त्यामागचं कारणही हेच. मराठी ऐकणाऱ्यांबरोबर एखादी तमिळ किंवा बंगाली बोलणारी व्यक्ती जरूर असावी. तिला तिच्या भाषेतलं वाक्य ऐकू आलं, तर ते कागद तुकड्यासोबत भिंतीवर लावावेत.